आधी झाडू, मग प्रश्न : गाडगेबाबांनी गावोगावच्या माणसांना नवं कसं पटवलं

अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट समाजातल्या झिंगराजी जानोरकर यांच्या घरी मुलगा जन्मला. नाव ठेवलं डेबूजी. आईचं नाव सखूबाई. हा मुलगा शाळेची पायरी कधी चढला नाही. त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. हाताशी पैसा नव्हता, मागे कोणी मोठा माणूस नव्हता. तरी पुढे पन्नास वर्षं त्याने खेड्यापाड्यातल्या लोकांना त्यांना नको असलेल्याच गोष्टी सांगितल्या. देवापुढे बकरं कापू नका, लग्नासाठी कर्ज काढू नका, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका, पोराला आणि पोरीलाही शाळेत घाला.

आज हे सगळं शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं, म्हणून सोपं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी भर गावात उभं राहून यातली एक गोष्ट जरी कोणी बोललं असतं, तरी लोकांनी त्याला हुसकावलं असतं. गाडगेबाबांच्या कीर्तनाला मात्र हजारोंनी माणसं जमायची. ज्यांच्या चालीरीतींवर ते बोट ठेवायचे तीच माणसं पुढे बसून माना डोलवायची, हसायची आणि घरी जाताना विचारात पडायची. लोकांना न रुचणारी गोष्ट त्यांच्या गळी कशी उतरवली, हे त्यांच्या आयुष्यात टप्प्याटप्प्याने दिसतं.

दारूने बाप नेला, कर्जाने जमीन

डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा असताना वडील गेले. कारण दारू. घरची स्थिती होत्याची नव्हती झाली होती. सखूबाई पोराला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला आल्या. तिथे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्याकडे डेबूजी वाढला. गुरं राखणं, शेण काढणं, नांगर धरणं, पेरणी, काढणी, सगळी कामं तो मनापासून करायचा. संध्याकाळी गावच्या भजनात बसायचा. आवाज खडा होता आणि एकदा ऐकलेला अभंग त्याच्या डोक्यात पक्का बसायचा.

मामाची शेती चांगली होती, पण ती सावकाराच्या तावडीत सापडली. कागदावर काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं. रक्कम फेडत गेले तरी कर्ज काही संपेना. शेवटी जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेला. ज्या शेतात डेबूजीने घाम गाळला, ते डोळ्यांदेखत दुसऱ्याचं झालं.

पुढे बाबा कीर्तनात दारू, कर्ज आणि निरक्षरता या तीन गोष्टींवर तुटून पडायचे, त्याचं मूळ इथे आहे. हे दुःख त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, स्वतःच्या घरात सोसलेलं होतं. समोर बसलेल्या शेतकऱ्याच्या घरीही थोड्याफार फरकाने हेच चालू होतं. त्यामुळे बोलणारा आपल्यातलाच आहे, हे ऐकणाऱ्याला लगेच कळायचं.

बारशाच्या पंगतीत पहिला धडा

डेबूजीचं लग्न १८९२ मध्ये कुंताबाईंशी झालं. घरात मुलगी जन्मली. बारशाला जातभाईंना जेवण द्यायचं, तेही मटणाचं आणि सोबत दारू, अशी त्या काळची रीत. ऐपत नसली तर कर्ज काढायचं, पण रीत पाळायची. ती मोडली तर जातीत नाव खराब.

डेबूजीने ठरवलं, दारू नाही आणि बकरंही नाही. पण लोकांना उपाशीही पाठवायचं नाही. त्याने पंगतीला गोडाधोडाचं जेवण घातलं. जातीतली मोठी माणसं नाराज झाली, कुरकुर झाली. पण पोटभर जेवून उठलेल्या माणसाला भांडायला फारसं काही उरलं नाही.

ही गोष्ट वरवर लहान वाटते. तरी बाबांची पुढची सगळी पद्धत तिच्यात आहे. जुनी गोष्ट काढून घ्यायची तर तिच्या जागी काहीतरी ठेवायला हवं. पंगत बंद केली असती तर लोकांनी कंजूष म्हटलं असतं आणि विषय तिथेच संपला असता. पंगत राहिली, फक्त ताटातलं बदललं. आणि हा बदल दुसऱ्याला शिकवण्याआधी स्वतःच्या घरच्या कार्यात, स्वतःच्या पैशाने करून दाखवला.

घर सोडलं, नावही सुटलं

१ फेब्रुवारी १९०५ रोजी वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी डेबूजीने घर सोडलं. घरी म्हातारी आई, बायको आणि लेकरं होती. त्यांच्या वाट्याला आलेलं दुःख मोठं होतं आणि ते झाकून या माणसाची गोष्ट सांगता येत नाही. पुढची बारा वर्षं तो फिरत राहिला. अंगावर चिंध्या जोडून केलेले कपडे, हातात काठी आणि एक फुटकं गाडगं. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचं. लोक त्यांना गाडगेबुवा, गाडगेमहाराज, गाडगेबाबा म्हणू लागले. आईबापांनी ठेवलेलं नाव मागे पडलं.

जात विचारली तर ते सांगत नसत. कोणी हलक्या जातीचा समजून हाकललं तर मुकाट्याने बाजूला होत. कुठे शेतात कोणी राबताना दिसलं की जाऊन हात लावायचा, काम झालं की भाकर मागायची, नाही मिळाली तरी चालू लागायचं. या बारा वर्षांत गावागावांतला माणूस जवळून कळला. कोण कशाला भितो, कोणाचा जीव कशात अडकलाय, कोणत्या शब्दाला लोक हसतात आणि कोणत्या शब्दाला गप्प होतात, हे सगळं भाकर मागता मागता समजलं. नंतरच्या कीर्तनाची तयारी या भटकंतीत झाली.

ऋणमोचनचा घाट

भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीत आंघोळ केली की ऋण फिटतं, ही तिथली श्रद्धा. त्या काळी काठावर चिखल असायचा. बायाबापड्या आणि म्हातारी माणसं घसरून पडायची. वर्षानुवर्षं लोक पडत होते आणि उठून पुन्हा आंघोळीला जात होते.

बाबांनी तिथे घाट बांधायचं मनावर घेतलं. स्वतः राबले, लोकांना हाताशी घेतलं, मदत गोळा केली आणि घाट उभा केला. नदीत बुडी मारून कर्ज फिटत नाही हे ते पुढे सांगणारच होते. पण त्याआधी नदीवर येणाऱ्याचा पाय घसरू नये, याची सोय त्यांनी केली. ज्यांची समजूत चुकीची वाटते त्यांचीच आधी सेवा करायची, हा त्यांचा रस्ता. दगडी पायऱ्यांवरून नीट उतरलेला माणूस मग त्यांचं कडू बोलणंही ऐकून घ्यायचा.

गावात शिरताच झाडू

कीर्तन संध्याकाळी असायचं, पण बाबांचं काम सकाळपासून चालू व्हायचं. गावात आले की कोणाच्या ओट्यावर बसणं नाही, चहापाणी नाही, हारतुरे तर नाहीतच. सरळ झाडू घ्यायचा आणि रस्ता झाडायला लागायचं. नाल्या उपसायच्या, उकिरड्याकडची घाण ओढायची.

सुरुवातीला लोक बघत उभे राहायचे. कोणी वेडा म्हणायचं. थोड्या वेळाने एखाद्या पोराला लाज वाटायची आणि तो फावडं घेऊन यायचा. मग दुसरा यायचा. दुपारपर्यंत अर्धं गाव कामाला लागलेलं असायचं. स्वच्छतेवर एक शब्दही न बोलता स्वच्छता झालेली असायची.

ज्या काळात झाडू मारणं हे एका जातीचं काम समजलं जायचं, त्या काळात गावचा पाटील आणि बलुतेदार एका रस्त्यावर झाडू घेऊन उभे राहणं ही साधी गोष्ट नव्हती. रात्री जातीभेदावर बोलण्याआधी दिवसा त्याच्यावर हातांनी काम होऊन जायचं. शिवाय दिवसभर आपल्या गावची घाण काढणाऱ्या माणसाला रात्री उद्धटपणे उत्तर देणं कोणाला जमणार?

पाया पडायला कोणी आलं तर बाबा चिडायचे, प्रसंगी काठी उगारायचे. त्यांनी कोणाला शिष्य केलं नाही, कोणाच्या कानात मंत्र सांगितला नाही. आपल्याला देव करून टाकलं की लोक आपलं ऐकणं सोडून फक्त आरती करतील, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

उत्तर लोकांनीच द्यायचं

त्यांचं कीर्तन इतर बुवांसारखं नव्हतं. संस्कृत श्लोक नाही, पांडित्य नाही, स्वर्ग-नरकाची वर्णनं नाहीत. तुकोबांचे अभंग असायचे आणि भाषा अस्सल वऱ्हाडी. ते प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. समोरचे हजारो लोक एका आवाजात हो किंवा नाही म्हणायचे. मग पुढचा प्रश्न.

नवसाच्या बकऱ्याचंच घ्या. देवीला बळी देणं पाप आहे, असं म्हणून ते सुरुवात करत नसत. देवी सगळ्यांची आई ना, असं विचारायचे. लोक हो म्हणायचे. बकऱ्याचीही आई तीच ना? पुन्हा हो. मग आपल्याच लेकराचं मांस आई खाईल का? इथे लोक थबकायचे आणि नाही म्हणायचे. मग खाल्लं कोणी, या प्रश्नावर सगळा जमाव हसायचा, कारण उत्तर प्रत्येकाला माहीत होतं. बळी देणारा माणूस स्वतःवरच हसून घरी जायचा. त्याला कोणी पापी म्हटलेलं नसायचं, म्हणून त्याला भांडायलाही जागा नसायची.

कर्जाचंही तसंच. लग्न थाटात झालं, गाव जेवलं. जेवून गेलेलं गाव व्याज भरायला येतं का? सण दणक्यात झाला, पण पुढच्या पेरणीचं काय? अडचण असेल तर घरातली भांडी विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला हलक्या भावाचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका, हे सांगताना ते अगदी कळकळीला यायचे. शिकणं परवडत नाही म्हणणाऱ्याला ते खर्च कुठे कमी करायचा हेही दाखवून द्यायचे.

जातीच्या बाबतीत त्यांचा हिशेब फारच सोपा होता. माणसात जाती दोनच, एक बाई आणि एक पुरुष. बाकीच्या जाती ओळखायच्या कशा, हे कोणी दाखवून द्यावं. देवळातल्या देवाबद्दलही ते धारदार बोलायचे. जो देव अंगावर बसलेली माशी हाकलू शकत नाही तो तुमचं संकट कसं हाकलणार, या वळणाचे प्रश्न असायचे. पण तेच बाबा भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला कपडा, आजाऱ्याला औषध आणि मुक्या जनावराला अभय देणं यालाच देवाची भक्ती म्हणायचे. बारशाच्या पंगतीसारखंच हे. देव काढून घेतला नाही, देवाचा पत्ता बदलून दिला.

आणि हे सगळं चालायचं भजनाच्या तालावर. टाळ्या, नामाचा गजर, मध्येच विनोद, मध्येच डोळ्यांत पाणी. लोकांना ओळखीचं असलेलं कीर्तनाचं रूप त्यांनी तसंच ठेवलं आणि आतला माल नवा भरला. हेच विचार एखाद्या सभेत टेबल-खुर्ची मांडून कोणी सांगितले असते, तर गावकरी ऐकायला थांबले असते का, ही शंकाच आहे.

पैसा कुठे गेला, हे डोळ्यांना दिसायचं

लोक बाबांना पैसे द्यायचे. ते त्यातलं काही स्वतःसाठी ठेवत नसत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. खेड्यातून पेशंट घेऊन आलेल्या माणसाला मुंबईत डोकं टेकायला जागा नसते, ही अडचण त्यांनी ओळखली. मूर्तिजापूरला गोरक्षण उभं राहिलं. आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नदान चालू झालं.

या इमारती लाखो रुपयांच्या होत्या, पण त्यांत बाबांच्या घरच्या माणसांना जागा नव्हती. कुंताबाई झोपडीत राहिल्या. धर्मशाळेतलं अन्न घरच्यांनी खायचं नाही, असा दंडक होता. यात कठोरपणा आहे, अन्यायही वाटू शकतो. पण दान देणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसायची. आपला रुपया वाटेत कुठे जिरत नाही. आपल्याला नको असलेलं सांगणारा माणूस त्यातून स्वतःचा फायदा करून घेत नाही, याची खात्री पटली की त्याच्या शब्दाला वजन येतं.

चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा

त्यांची सगळ्यात अवघड परीक्षा पंढरपुरात होती. वारीला महार समाजाचेही हजारो लोक यायचे. पण विठ्ठलाच्या देवळात त्यांना प्रवेश नव्हता आणि गावात उतरायलाही जागा मिळत नव्हती. चोखोबांची समाधीसुद्धा देवळाच्या पायरीशी, बाहेरच.

बाबांनी या वारकऱ्यांसाठी पंढरपुरात धर्मशाळा बांधली आणि तिला चोखामेळ्याचं नाव दिलं. ते वारीला जायचे, चंद्रभागेचं वाळवंट झाडायचे, कीर्तन करायचे, पण विठ्ठलाच्या देवळात जात नसत, असं सांगतात. पंढरपूरचं मंदिर सर्वांना खुलं व्हायला १९४७ साल उजाडलं. त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी राहण्याच्या जागेचा प्रश्न विटा-चुन्याने सोडवून टाकला होता.

पुढे १९४९ मध्ये ही वास्तू त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. एक माणूस मोठमोठ्या पदव्या घेतलेला, दुसऱ्याला सही करता येत नव्हती. दोघांचे रस्ते वेगळे होते. बाबासाहेब कायदा आणि संघर्षाच्या वाटेने गेले, बाबा कीर्तनाच्या वाटेने. तरी दोघांना एकमेकांबद्दल आदर होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्यालाही बाबांचा मोठा आधार होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराडला काढलेल्या कॉलेजला त्यांचंच नाव दिलं.

शेवटचा प्रवास

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं आणि आजही ऐकायला मिळतं. वय ऐंशीचं, शरीर थकलेलं, पण प्रश्न तेच आणि समोरून येणारी उत्तरंही तशीच. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गाडगेबाबांनी देह ठेवला. अमरावतीत जिथे अंत्यविधी झाला तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

काय पटलं, काय राहिलं

राज्य सरकारने २०००-०१ मध्ये त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालू केलं आणि गावागावांत चुरस लागली. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. अक्षरओळख नसलेल्या माणसाचं नाव आज हजारो पदव्यांवर छापलं जातं. पोरींना शाळेत पाठवणं आता गावात कोणाला वावगं वाटत नाही. पूर्वी गावजत्रेत पडणारे बळीही बऱ्याच ठिकाणी थांबले. हे सगळं एकट्या बाबांमुळे झालं असं नाही, पण त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

झाडू मात्र आपण लवकर उचलला आणि प्रश्न खाली ठेवले. जयंतीच्या दिवशी रस्ता झाडून फोटो काढणं सोपं आहे. लग्नाच्या मंडपावर किती उधळायचं, त्यासाठी वावर गहाण ठेवायचं का, हा प्रश्न आजही घरोघरी आहे. सोयाबीन आणि कपाशीच्या भावावर संसार चालवणाऱ्या घरात एका लग्नाचं कर्ज कितीतरी हंगाम पुरतं. दारूचं दुकान हटवायला बायांना आजही ग्रामसभेत भांडावं लागतं. पाणवठा एक झाला, पण बऱ्याच गावांत मसणवटा अजून वेगळा आहे.

यावर आता कोणी बोलायला उठलं तर लोक चिडतात, तसे तेव्हाही चिडायचे. बाबांनी चिडणाऱ्यांना शत्रू मानलं नाही. त्यांच्यासोबत आधी घाम गाळला, स्वतःच्या घरात बदल करून दाखवला, त्यांच्या पैशाचा हिशेब चोख ठेवला आणि मग साधे प्रश्न विचारून उत्तराची वाट बघितली. ग्रामसभेत उभं राहून गावाला न आवडणारी गोष्ट मांडायची असेल, तर सुरुवात कुठून करायची हे त्यांनी याच तालुक्यांत दाखवून ठेवलं आहे. पौषातल्या रविवारी ऋणमोचनला गेलं तर पूर्णेच्या घाटावर उभं राहून तेही आठवता येईल.